येलगिरीची कॉशन ऑर्डर

सोम., २८ सप्टें.
सकाळी कचऱ्याचा डबा ठेवायला खाली गेले तर सरू दारात बसून कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रघू येतोय. नोव्हेंबरच्या एक तारखेला मला बंगळुरूला नेतोय. आतां तिकडेच."
अडतीस वर्षं मद्रासच्या या घरात ती तळमजल्यावर आणि मी तिच्या डोक्यावर. आणि ही बातमी मला कचऱ्याच्या डब्याबरोबर.
विचारलं, हे मुलाने ठरवलं की तू? म्हणाली, "अस्कं ठरलं." तिचं तंजावरचं मराठी, अस्कं म्हणजे सगळं. पिढ्यानपिढ्या तमिळ देशात राहून आलेलं हे मराठी भांडणाला अगदी निरुपयोगी आहे. हाती काही लागत नाही.
दुपारी पडले, झोप नाही. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पाहिलं. कोजागिरी २५ ऑक्टो., रविवार. ती जायच्या बरोबर आठवडाभर आधी.
येलगिरीच्या डोंगरावर जायचं. तंबू घेऊन, दोन रात्री, पूर्वी जायचो तसं. शेवटचे गेलो त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हा तिचे राजारामराव होते, आमचे वि. होते. आता दोघींपैकी कोणाचाच नवरा राहिला नाही. गाडी मी चालवीन. एकाहत्तर हे काही वय नव्हे.

बुध., ३० सप्टें.
माळ्यावरून तंबू काढवला. वॉचमनने काढला, मी खालून सूचना दिल्या. जाड कॅनव्हास, हिरवा होता, आता शेवाळी म्हणावा. हॉलभर पसरला. डांबरगोळ्या, जुना पाऊस आणि वि.ची सिगारेट असा वास. पाच वर्षांत घरातल्या बाकी सगळ्या वस्तूंमधून तो माणूस निघून गेला, तंबूत मात्र होता. बराच वेळ तिथेच बसले.
खुंट्या सोळापैकी अकरा. दोऱ्या कुजल्या. एका कोपऱ्यात पालीची अंडी.
सरूला हाक मारून वर बोलावलं. ती दारातूनच पाहून गेली. म्हणाली, "मोठा आहे गे." तिला आनंद झाला असावा.

शनि., ३ ऑक्टो.
मिनू आली पेरुंगुडीहून. तंबू ओलांडून आत आली आणि म्हणाली, "आई, हे काय?"
सांगितलं. मग अर्धा तास इंग्रजीत बोलली. पोटची मुलगी, पण राग इंग्रजीत येतो, प्रेम तमिळमध्ये येतं, मराठीत फक्त 'आई, हे काय'. फोनवर हवामान काढून दाखवलं. पंचवीस तारखेच्या पुढे ढगाचं चित्र, खाली चाळीस टक्के.
"चाळीस टक्के म्हणजे काय? तंबूच्या चाळीस टक्क्यांत पाऊस पडणार?"
"आई, प्रोबॅबिलिटी."
"कुठल्या गावी?"
"तो रीजन असतो."
हेच. कंट्रोल ऑफिसात चौतीस वर्षं माझं हेच काम. वेधशाळेचा इशारा यायचा, 'काही ठिकाणी जोरदार'. कोणत्या ठिकाणी, हे ज्याच्या पायाखाली रूळ आहे त्यालाच माहीत. पावसात रात्रंदिवस लाइनीवर गस्त घालणारे पेट्रोलमन असत. त्यांना विचारल्याशिवाय मी एकही संदेश पुढे दिला नाही. साहेब लोक हसायचे. कॉन्व्हेंटचं इंग्रजी येतं म्हणून मला फोनवर बसवलं होतं, गँगमनशी तमिळमध्ये गप्पा मारायला नव्हे. मी दोन्ही केलं.
मिनूला म्हटलं, मी माझ्या पद्धतीने बघते.
"तुझ्या पद्धतीचे लोक जिवंत आहेत का?"
 बोलणं आगाऊ होतं पण प्रश्न बरोबर होता.

मंगळ., ६ ऑक्टो.
निळी वही काढली. येलगिरीच्या वाटेवरचे अकरा नंबर. सहा लागतच नाहीत. दोघांच्या घरी सुनांनी उचलला. एका ठिकाणी मुलगा म्हणाला, अप्पा गेले, आम्ही तुम्हाला कळवायचं होतं का? का कळवायचं, मी कोण. तरी वाईट वाटलं. त्या माणसाने एकदा पुराच्या दिवसांत सलग तीन दिवस दर तासाला फोन केला होता. त्याचा आवाज मला अजून ओळखू येईल. चेहरा मी कधी पाहिलाच नाही.
दहावा नंबर आरुमुगमचा. जोलारपेटचा पेट्रोलमन, आता येलगिरीच्या पायथ्याशी राहतो. स्वतः उचलला.
"कंट्रोल," मी म्हटलं.
म्हणाला, "सांगा मॅडम. लाइन क्लिअर."
अकरा वर्षांनी. एका शब्दावर. डोळे पुसावे लागले, लिहून ठेवते, कोणाला सांगणार नाही.
तो म्हणतो, वारा अजून पश्चिमेचा आहे. फिरला की कळवीन. घाटाच्या आधी तळ्याच्या सांडव्यावरून रस्ता जातो तिथे त्याने एका दगडाला चुना लावून ठेवलाय. दगड दिसतो तोवर गाडी जाते. दगड बुडाला की बसलाही जाऊ देत नाही, रस्त्यात आडवा उभा राहतो. नोकरी संपली, गस्त चालू.

रवि., ११ ऑक्टो.
नवरात्र बसलं. सरूचा गोलू बघायला खाली गेले. दरवर्षी नऊ पायऱ्या बाहुल्यांच्या, यंदा तीनच. बाकीच्या वाटून टाकतेय. हळदीकुंकवाला येईल तिला हरभऱ्याचं सुंडल, पान-सुपारी आणि एक बाहुली. बायका खूश होऊन नेतायत. एकीने तर आधीच निवडून ठेवली होती.
मला म्हणाली, "हा तू ने." मातीचा रेल्वेगार्ड, हातात हिरवं निशाण, दुसरा हात तुटलेला. तो मीच तिला दिला होता, पंधराएक वर्षांपूर्वी.
"मी दिलेलं मला परत?"
"तुझ्याकडे नीट राहील. रघूकडे अस्कं काचेचं आहे, बाहुल्यांना जागा नाही."
घेऊन आले. ओट्यावर ठेवलाय. गाडी सुटली असं सांगत उभा आहे मूर्ख.

मंगळ., १३ ऑक्टो.
नव्या दोऱ्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "कपडे वाळवायला का पाट्टी?" म्हटलं, तंबूला. आधी आजी म्हणाला होता, मग मॅडम म्हणायला लागला.
पहिली खेप आठवत होते. मद्रासला येऊन वर्ष झालं नव्हतं. नागपूरहून सासूबाईंनी कॅलेंडर पाठवलं होतं, त्यात वि.नी पाहिलं, कोजागिरी, शरद ऋतू. म्हणाले, शरदात आकाश निरभ्र असतं. आम्ही दोघं नागपूरचे, हे आम्हाला सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं. इथला पावसाळा नेमका तेव्हा सुरू होतो हे ऑफिसात दहाजणांनी सांगितलं असेल. कॅलेंडरवर लिहिलेलं असताना कोण ऐकतो.
खालचं नवीन बिऱ्हाड मराठी निघालं म्हणून त्यांनाही ओढलं. सरूला कोजागिरी माहीतच नव्हती. "चंद्राला दूध दाखवून मग आपणच प्यायचं?" राजारामराव गाडीत मागे हसत होते. डोंगरावर फणसाच्या बागेत तंबू ठोकला, दूध उकळलं, जायफळ किसलं, आणि आभाळ फाटलं. तंबू वि.च्या अंगावर. दुधाच्या पातेल्यात पाणी. चौघं आणि दोन मुलं ॲम्बॅसॅडरमध्ये सकाळपर्यंत.
पुढच्या वर्षापासून अंदाज माझ्याकडे आला. तेवीस वर्षांत निम्म्याहून जास्त खेपा कोरड्या गेल्या, त्या माझ्यामुळे. हे कोणी म्हटलं नाही कधी. मीच लिहून ठेवते.

गुरु., १५ ऑक्टो.
कॉशन ऑर्डर लिहायला घेतली. मिनूला पटवायला दुसरा मार्ग नाही. गाडी सुटण्याआधी ड्रायव्हरच्या हातात कागद देत असू: अमुक किलोमीटरला वेग वीस, तमुक पुलावर थांबून पुढे. त्याने सही करायची, मग सिग्नल. कागद हातात असला की माणूस शहाण्यासारखा चालवतो.
श्रीपेरुंबुदूर: कंपन्यांच्या बसेस शिफ्ट सुटताना आडव्यातिडव्या, वेग ४०. वेल्लोरचा पूल: पाऊस असेल तर पहिली लेन नको. सांडवा: दगड पाहून. घाट, चौदा वळणं: दुसरा गिअर, हॉर्न.
सिस्टर बेनेडिक्टा म्हणायची, मुलींनो, पूर्ण वाक्यात लिहा. अर्धं वाक्य म्हणजे अर्धी अक्कल. चौतीस वर्षं रेल्वेने मला अर्ध्या वाक्यात लिहायला शिकवलं आणि एकही गाडी रुळावरून घसरली नाही.

रवि., १८ ऑक्टो.
वारा फिरला. पहाटेच कळलं, गॅलरीतला पडदा आत यायचा तो बाहेर जायला लागला. दुपारपासून पाऊस. एग्मोरच्या पुलाखाली गुडघाभर पाणी म्हणे. मिनूचा फोन: "आई, बंगालच्या उपसागरात लो प्रेशर आहे. पंचवीसला नक्की. प्लीज."
आरुमुगमला लावला. म्हणाला, हा पहिला झपाटा. मंगळवारी संपेल. बुधवार-गुरुवार कोरडे, कडक ऊन. शुक्रवारी रात्रीपासून पुन्हा, तेव्हा मोठा.
म्हणजे बुध-गुरू. एकवीस-बावीस. कोजागिरी चुकते पण चंद्र चुकत नाही, बऱ्यापैकी वाढलेला असेल. दोन कोरड्या दिवसांची खिडकी सापडली. असं काही सापडलं की अजून छातीत धडधडतं. वि. असते तर म्हणाले असते, झालं, आता हिला नकाशा द्या.

मंगळ., २० ऑक्टो. दसरा.
सोनं म्हणून आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, दरवर्षी कसलीतरी पानं देते. तीच घेऊन खाली गेले. म्हटलं, सरू, उद्या सकाळी सहाला निघायचं. बुध-गुरू कोरडे, मी काढलेत.
ती म्हणाली, "नको. गेलो तर पंचवीसला."
"पंचवीसला पाऊस आहे."
"म्हणून तर."
मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. मग तिने हातातली बाहुली कागदात गुंडाळून ठेवली आणि बोलली ते जसंच्या तसं लिहिते.
"अगे, तू दरवर्षी कोरडे दिवस काढायचीस. मला ते कधी आवडले नाहीत. तो तंबू मला आवडत नाही. तू बोलावायचीस म्हणून येत होते."
"तेवीस वर्षं?"
"पाऊस यायचा तेव्हा बरं वाटायचं."
मी पानं तिथेच ठेवली आणि वर आले. तेवीस वर्षं माणूस खोटं हसतं. बंगळुरूला जायच्या बारा दिवस आधी सांगतं. तंबू अजून हॉलमध्ये पसरलेला, त्यावरूनच चालत गेले.

गुरु., २२ ऑक्टो.
लख्ख ऊन. आभाळ धुतलेलं. वर्षातला सर्वांत उत्तम दिवस आणि मी घरात. सरू खाली, मी वर, दोन दिवस बोलणं नाही. दुपारी तिच्याकडून कढीपत्त्याच्या फोडणीचा वास आला. माझा वरण-भात.
आरुमुगमचा फोन आला. "मॅडम, कुठपर्यंत आलात?"
म्हटलं, निघालेच नाही.
"पण दिवस सांगितला होता तसाच निघाला," तो म्हणाला. त्याला तेवढंच ऐकायचं होतं. म्हटलं, हो, तुझा रिपोर्ट बरोबर. खूश झाला.

शुक्र., २३ ऑक्टो.
रात्रभर एकच विचार, तेव्हा उजाडल्यावर लिहिते.
कोरड्या खेपा आठवून पाहिल्या. एकेक. फणसाची बाग, ऊन, तंबू ताठ. वि. आणि राजारामराव आडवे पडून रेडिओ ऐकतायत. मुलं झाडावर. मी कमरेवर हात ठेवून ढग बघतेय, सांगतेय, अजून बारा तास काही नाही.
आणि सरू कुठे?
तीन विटांच्या चुलीपाशी. डोळ्यांत धूर. सहा माणसांचा भात, रसम, परत चहा, परत कोणाला तरी दही हवं. मी हवामान खातं होते, चुलीकडे गेलेच नाही कधी. कॉन्व्हेंटच्या मुलीला स्वयंपाक येत नाही हा घरातला विनोद होता आणि मी तो पदकासारखा मिरवला.
आता ओल्या खेपा. चूल विझली. सगळे गाडीत. काचा धुरकट झालेल्या. तिने घरून आणलेला लिंबूभात डब्यातून हातोहात फिरतोय आणि ती, मागच्या सीटवर खिडकीशी, पाय वर घेऊन बसलीय. गातेय सुद्धा. कोणी तिला उठ म्हणत नाही, कारण उठून जायला जागाच नाही. तिचं डोकं माझ्या खांद्यावर. मला वाटायचं, बिचारी कंटाळली. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी नीट दिवस काढते हं.
आणि काढायचे.

संध्याकाळी खाली गेले. दार उघडंच होतं. म्हटलं, तंबू घेत नाही. म्हटलं, डबे मी करीन.
ती म्हणाली, "तू?"
"तिखटमिठाच्या पुऱ्या. आणि दूध थर्मासात."
"मिठाचा अंदाज आहे का तुला?"
"नाही."
"सेरी," म्हणाली. बरं. आणि बाहुल्यांची पेटी सरकवून मला बसायला जागा केली.
माफी मागायची होती, ते राहिलं. पुऱ्यांमध्ये येईल.

शनि., २४ ऑक्टो.
सकाळपासून धार. तंबू वॉचमनला दिला, त्याच्या मोटरसायकलला छप्पर करणार म्हणतो. द्यायच्या आधी एकदा तोंड घालून वास घेतला.
मिनू आली, तयारीनिशी. गाडीची किल्ली मागितली. म्हटलं, बस, आधी ऐक. सरूचं सांगितलं. चुलीचंही सांगितलं. त्या खेपांना ती सहा-सात वर्षांची असेल, झाडावरच्या मुलांपैकी एक.
 मग म्हणाली, "मला फक्त गाडीतलं आठवतं. सरूअक्काच्या पदराखाली झोपायचे ते."
माझा कागद मागितला. वाचला. खोडला. आणि माझ्याच पेनाने, मराठीत, हो मराठीत, मागच्या बाजूला नवीन लिहिला. 'गाडी क्र. १. वेग ५० च्या वर नाही. श्रीपेरुंबुदूरला थांबणे. तिथून आरुमुगम यांना फोन. त्यांनी लाइन क्लिअर म्हटल्याशिवाय पुढे नाही. नाही म्हटले तर तिथूनच परत, वाद न घालता. घाट कोणत्याही परिस्थितीत नाही, पायथ्यावरूनच परत.' खाली सहीला जागा.
अक्षर दुसरीतल्या मुलासारखं. एक वेलांटी चुकलेली. दुरुस्त केली नाही.
सही केली. तिने किल्ली परत दिली. म्हणाली, "वाद न घालता, हे दोनदा वाच."

रवि., २५ ऑक्टो. कोजागिरी. श्रीपेरुंबुदूर, गाडीत.
सकाळी सव्वासातला निघालो. पोचायला दोन तास लागले. सरू पुढे बसली होती, पर्समध्ये पासपोर्टसुद्धा. म्हटलं येलगिरीला पासपोर्ट लागत नाही. म्हणाली, रघूने सांगितलंय नेहमी जवळ ठेव.
आता चहाच्या टपरीसमोर बाजूला घेतलीय. पाऊस असा की टपरी दिसत नाही, तिचा फक्त पिवळा दिवा. कंपनीच्या बसेस एकामागून एक जातायत, खिडक्यांत झोपलेली पोरं-पोरी.
आरुमुगमला लावला. तो म्हणाला, पाणी चढतंय, दगडाचं नुसतं डोकं दिसतंय. अर्धा तास द्या. छत्री घेऊन स्वतः सांडव्यावर जाऊन उभा राहतो आणि सांगतो. म्हटलं, तू कशाला भिजतोस. म्हणाला, मॅडम, फोनवर अंदाज सांगायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत.
त्याला पंचवीस मिनिटं झाली.
सरू चपला काढून मागच्या सीटवर गेलीय, खिडकीशी. म्हणाली, तूही ये, स्टिअरिंगमागे बसून काय बघतेस, दिसतंय का काही. मागे आले. इथूनच लिहितेय. पाय वर घ्यायला तिला आता दोन्ही हात लावावे लागतात. घेतले.
पुऱ्या खाल्ल्या. "मीठ नाही," म्हणाली आणि चौथी घेतली. दूध थर्मासातून. जायफळ मात्र बरोबर पडलंय. चंद्राला दाखवायचं राहिलं म्हटलं, तर ती म्हणाली, त्याने कधी पाहिलंय आपलं दूध.
काचा धुरकट झाल्यात. तिने बोटाने एक गोल पुसला, त्यातून बाहेर बघतेय. काहीतरी गुणगुणतेय, शब्द तंजावरचे, मला निम्मे कळतात.
फोन पुढच्या सीटवर आहे. आत्ता वाजायला लागला. आरुमुगमच असणार.
मी उठायला लागले तर सरूने हात धरला. तिचा हात दुधाच्या पेल्याने कोमट. म्हणाली, "घे. पण हळू जा. दोन रिंगा अजून आहेत."